जुनी मोटारगाडी : दुरुस्ती की बदल? एक आर्थिक व व्यावहारिक विवेचन

गोषवारा

दहा-बारा वर्षे वापरलेल्या मोटारगाडीचे मोठे काम निघाले की ती दुरुस्त करावी की बदलावी, हा प्रश्न असंख्य कुटुंबांपुढे उभा राहतो. अशा वेळी दुरुस्तीचा खर्च आणि गाडीची बाजारातील किंमत यांची तुलना करण्याची पद्धत रूढ आहे. ही तुलना अपुरी असून दुरुस्तीमुळे गाडीस मिळणारे वाढीव आयुष्य हाच निर्णयाचा खरा आधार आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी वार्षिक खर्चाची मांडणी, दुरुस्तीचे प्रकार, सुरक्षितता आणि नोंदणीविषयक कायदेशीर तरतुदी यांचा विचार केला आहे.

बीजशब्द : घसारा, बुडित खर्च, वार्षिक खर्च, दुरुस्तीचे आयुष्य, नोंदणी नूतनीकरण, वाहन मोडीत धोरण.

१. प्रस्तावना

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या जमाखर्चात घराखालोखाल मोठी रक्कम गुंतते ती बहुधा मोटारगाडीत. घराची किंमत काळाबरोबर वाढेल अशी आशा तरी असते. गाडीची किंमत मात्र खरेदीच्या दिवसापासून घटत जाते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० ही छोटी गाडी ग्राहकांच्या हाती पडू लागली आणि स्वतःची मोटार ही श्रीमंतांपुरती मर्यादित असलेली गोष्ट मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. या गाडीचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. या तीन दशकांत गाडी घेणे हा जसा सर्वसामान्य व्यवहार बनला, तसाच जुन्या गाडीचे काय करावे हा प्रश्नही सर्वसामान्य झाला.

हा प्रश्न सहसा निवांतपणी विचारला जात नाही. गाडी अचानक बंद पडते, गॅरेजमधून मोठ्या रकमेचा अंदाज येतो आणि दोन-चार दिवसांत निर्णय घ्यावा लागतो. एकीकडे हाताशी असलेली पुंजी दुरुस्तीत घालून पुन्हा पस्तावण्याची भीती असते. दुसरीकडे नव्या गाडीच्या कर्जाचा हप्ता पाच-सात वर्षे मुलांच्या शिक्षणाच्या आणि आजारपणाच्या तरतुदीतून काढावा लागणार असतो. म्हणूनच या निर्णयाची शास्त्रशुद्ध मांडणी समजून घेणे आवश्यक ठरते.

२. प्रचलित समजूत आणि तिची मर्यादा

‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ ही म्हण जुन्या गाडीच्या संदर्भात हमखास ऐकू येते. गाडीला बाजारात ऐंशी हजार रुपये येत असतील, तर तिच्यावर साठ हजार रुपये खर्च करणे शहाणपणाचे नाही, असा तिचा आशय. वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु त्यात एक महत्त्वाची बाब सुटते. मसाला नको म्हणून कोंबडी टाकून दिली, तरी जेवणाची गरज संपत नाही. साठ हजारांची दुरुस्ती टाळणाऱ्या कुटुंबास प्रवासाची सोय अन्य मार्गाने करावीच लागते आणि त्या मार्गाचा खर्च तुलनेत धरलेला नसतो.

विमा कंपन्यांची पद्धत या ठिकाणी उद्बोधक आहे. अपघातग्रस्त गाडीच्या दुरुस्तीचा खर्च तिच्या विमित घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर ती गाडी पूर्णतः नष्ट झाली असे मानून भरपाई देण्याचा दंडक आपल्याकडे आहे. विमा कंपनीच्या दृष्टीने हा दंडक योग्य आहे, कारण ठरलेली रक्कम दिली की तिची जबाबदारी संपते. मालकाची प्रवासाची गरज मात्र त्यानंतरही कायम राहते. म्हणून विमा कंपनीस लागू पडणारी कसोटी मालकाने जशीच्या तशी स्वीकारणे उचित नाही.

याच्या उलट दिशेचा आणखी एक दोष आढळतो. ‘गेल्या वर्षीच चाळीस हजार घातले, आता कशी सोडायची?’ हा विचार अनेक मालकांना एकामागून एक दुरुस्त्यांकडे ओढत नेतो. अर्थशास्त्रात अशा रकमेस बुडित खर्च म्हणतात. गाडी ठेवली काय किंवा विकली काय, तो पैसा परत येणार नाही; त्यामुळे आजच्या निर्णयात त्यास स्थान नाही. मात्र गेल्या वर्षी बसविलेला नवा भाग आज सुस्थितीत असेल, तर पुढील काळात तो खर्च वाचणार आहे. विचार करायचा तो या पुढील बचतीचा, मागील बिलाचा नव्हे.

३. खर्चाची योग्य मांडणी

व्यवस्थापनशास्त्रात यंत्रसामग्री केव्हा बदलावी याचा विचार प्रतिस्थापन सिद्धान्तात केला जातो. यंत्र जुने होत जाते तसा त्याचा वार्षिक घसारा कमी होतो आणि देखभालीचा खर्च वाढतो. या दोहोंची वार्षिक बेरीज नव्या यंत्राच्या वार्षिक बेरजेहून अधिक होऊ लागली की यंत्र बदलण्याची वेळ आली असे समजावे, हे त्याचे सार. मोटारगाडीस हेच तत्त्व लागू पडते.

घसाऱ्याचा वेग किती असतो, याची कल्पना मोटार विम्यातील प्रमाणांवरून येते. या प्रमाणांनुसार गाडीच्या मूल्यातून पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५ टक्के, दोन वर्षांपर्यंत २० टक्के, तीन वर्षांपर्यंत ३० टक्के, चार वर्षांपर्यंत ४० टक्के आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घट धरली जाते. म्हणजेच सात लाखांच्या गाडीतील साडेतीन लाख रुपये पहिल्या पाच वर्षांत केवळ घसाऱ्यापोटी वजा होतात. बारा वर्षांच्या गाडीबाबत हा मोठा खर्च होऊन गेलेला असतो. जुन्या गाडीचे आर्थिक बळ नेमके येथे आहे.

पुढील उदाहरणातील आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून मानलेले आहेत. वाचकाने त्या जागी आपले आकडे घालावेत. बारा वर्षे जुनी, पेट्रोलवर चालणारी एक छोटी गाडी आहे. ती आहे त्या स्थितीत विकल्यास ८०,००० रुपये येतात. दुरुस्तीस ६०,००० रुपये लागतील आणि त्यानंतर ती तीन वर्षे चालून अखेरीस ५०,००० रुपयांना जाईल. नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत ७,००,००० रुपये पडतात. ती दहा वर्षे वापरून १,५०,००० रुपयांना विकता येईल. वापर वर्षाला ७,२०० किलोमीटर, पेट्रोलचा दर लिटरला १०५ रुपये, जुन्या गाडीची सरासरी लिटरला १५ किलोमीटर व नवीची २० किलोमीटर धरली आहे. गुंतलेल्या सरासरी रकमेवर ८ टक्के व्याज आकारले आहे.

तक्ता क्र. १ : वार्षिक खर्च (रुपये)

जुनी गाडी : घट ३०,०००, व्याज ७,६००, देखभाल २५,०००, विमा ५,०००, इंधन ५०,४००, एकूण १,१८,०००.

नवी गाडी : घट ५५,०००, व्याज ३४,०००, देखभाल १२,०००, विमा १५,०००, इंधन ३७,८००, एकूण १,५३,८००.

या मांडणीतील दोन बाबी स्पष्ट करणे आवश्यक आहे. पहिली, जुन्या गाडीच्या बाजूस दुरुस्तीच्या ६०,००० रुपयांबरोबर आज विकल्यास येणारे ८०,००० रुपयेही धरले आहेत, कारण गाडी ठेवणे म्हणजे ती रक्कम सोडून देणे होय. या १,४०,००० रुपयांतून अखेरचे ५०,००० वजा जाता ९०,००० रुपयांची घट तीन वर्षांत विभागली आहे. दुसरी, गाडी रोखीने घेतली तरी व्याज धरावेच लागते, कारण तीच रक्कम ठेवीत असती तर तिच्यावर उत्पन्न मिळाले असते.

४. हिशेबाचा अर्थ : दुरुस्तीचे आयुष्य

वरील उदाहरणात दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या तीन चतुर्थांश आहे. म्हणीच्या न्यायाने ही दुरुस्ती वेडेपणाची ठरावी. प्रत्यक्षात ती वर्षाला ३५,८०० रुपये वाचविते. परंतु हा निष्कर्ष एका गृहीतकावर उभा आहे : दुरुस्तीनंतर गाडी तीन वर्षे चालेल. ती एकच वर्ष चालली, तर ९०,००० रुपयांची सर्व घट त्याच वर्षावर पडते आणि वार्षिक खर्च १,७८,००० रुपयांवर जातो. तो नव्या गाडीपेक्षा अधिक आहे. दोन्ही पर्यायांचा खर्च समान होण्यासाठी ही दुरुस्ती सुमारे साडेसोळा महिने टिकावी लागते. त्याहून जितकी अधिक टिकेल तितका लाभ.

यावरून निर्णयाचा गाभा हाती लागतो. ‘किती खर्च येईल?’ हा प्रश्न प्रत्येक मालक गॅरेजमध्ये विचारतो. ‘या खर्चानंतर गाडी किती काळ दुसरे मोठे काम काढणार नाही?’ हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो, आणि निर्णय तर त्याच्याच उत्तरावर अवलंबून असतो.

वापराचे प्रमाणही महत्त्वाचे आहे. याच उदाहरणात वार्षिक वापर २०,००० किलोमीटर धरला, तर जुन्या गाडीचा खर्च २,०७,६०० रुपये आणि नवीचा २,२१,००० रुपये होतो. अंतर १३,४०० रुपयांवर येते. अधिक वापराने जुन्या गाडीची देखभालही वाढेल हे लक्षात घेता दोन्ही पर्याय जवळजवळ समान ठरतात. म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा गावातल्या गावात गाडी काढणाऱ्या निवृत्त गृहस्थास जुनी गाडी परवडते. रोज पुण्याहून चाकणला कामावर जाणाऱ्यास तीच महाग पडू शकते.

५. कोणती दुरुस्ती आयुष्य वाढविते?

सर्व दुरुस्त्या सारख्या नसतात. ढोबळमानाने त्यांचे तीन वर्ग पाडता येतात.

पहिला वर्ग झिजणाऱ्या भागांचा. टायर, बॅटरी, क्लच प्लेट, ब्रेक पॅड, शॉक अॅब्सॉर्बर, टायमिंग बेल्ट हे भाग ठरावीक वापरानंतर कोणत्याही गाडीत बदलावेच लागतात. गाडीची मूळ काया चांगली असेल, तर अशा खर्चावरून गाडी मोडीत काढण्याचे कारण नाही. फक्त चार-पाच झिजलेले भाग एकाच वेळी निघाल्यामुळे बिल मोठे दिसते.

दुसरा वर्ग इंजिन व गिअरबॉक्सच्या मोठ्या कामांचा. इंजिन गरम असताना सायलेन्सरमधून सतत निळसर धूर येत असेल, तर इंजिन ऑइल जाळत असल्याचे ते लक्षण असते. सतत पांढरा धूर येऊन रेडिएटरमधील पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा लागतो. इंजिन उतरवून रिंग-पिस्टनचे काम करणे खर्चिक असते. तथापि कुशल कारागिराने ते नीट केल्यास त्याचे आयुष्य अनेक वर्षांचे असते. काम करण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरमधील दाब मोजून घेतल्यास अनावश्यक खर्च टळतो. कामाची लेखी हमी आणि बदललेले जुने भाग मागून घेणे हितावह.

तिसरा वर्ग गंज, पुराचे पाणी आणि विद्युत जोडण्यांतील बिघाड यांचा. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना वेगळी चौकट नसते. पत्र्याची जोडलेली काया हाच तिचा सांगाडा असतो. कोकण आणि गोव्याच्या किनारपट्टीवरील खाऱ्या, दमट हवेत हा पत्रा आतून सडतो. दाराच्या कडेला गंज दिसणे ही केवळ देखणेपणाची बाब असू शकते. परंतु तळाचा पत्रा, दाराखालची पट्टी किंवा सस्पेन्शन जोडलेली जागा सडली असेल, तर वरून पत्रा ठोकून रंग दिल्याने मूळची मजबुती परत येत नाही. पुरात बुडालेल्या गाडीच्या तारांच्या जोडण्या महिनोन् महिने नवे बिघाड दाखवीत राहतात. या वर्गातील दुरुस्तीचे आयुष्य कोणताही कारागीर खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून खर्च कमी असला तरी येथे सावध राहावे.

गाडीचे आयुष्य केवळ गाडीवर अवलंबून नसते; सुटे भाग आणि जाणकार हात यांवरही असते. मुंबईत कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी याचे उत्तम उदाहरण आहे. तिची यांत्रिक रचना साधी होती व तिचे काम जाणणारे कारागीर शहरभर होते. त्यामुळे उत्पादन थांबल्यानंतरही ती टॅक्सी म्हणून अनेक वर्षे धावली. अशा टॅक्सीची मुंबईतील अखेरची नोंदणी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेव परिवहन कार्यालयात झाली होती. टॅक्सीसाठीची २० वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी टॅक्सी इतिहासजमा झाली. तिला थांबविले ते यांत्रिक कारणाने नव्हे, तर नियमाने. याउलट जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबविली आणि फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. अशा गाड्यांच्या मालकांनी मोठे काम करण्यापूर्वी आवश्यक भाग पुढे किती काळ मिळतील याची चौकशी करणे अगत्याचे आहे.

इंधनाचाही विचार करावा लागतो. २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल २०२५ पर्यंत देशभर विक्रीस आले. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या या मिश्रणासाठी मुळात तयार केलेल्या नव्हत्या. अशा गाडीचे काम काढलेच आहे, तर इंधनाच्या रबरी नळ्या आणि गॅस्केट तपासून घेणे इष्ट.

६. हिशेबापलीकडील कसोटी : सुरक्षितता

आतापर्यंतची चर्चा पैशाची होती. परंतु दुरुस्तीने गाडी अधिकाधिक तिच्या मूळ स्थितीपर्यंत पोहोचते. मुळात नसलेले गुण तिच्यात येत नाहीत. भारतात ऑक्टोबर २०१७ पासून नव्या प्रारूपांना आणि ऑक्टोबर २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना धडक-चाचणीचे निकष लागू झाले. २०१९ मध्ये चाके आवळू न देणारी ब्रेक यंत्रणा आणि चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. पुढील सहप्रवाशासाठीची एअरबॅग २०२१ मध्ये सर्व नव्या मोटारींना आवश्यक करण्यात आली. २०१० च्या सुमारास घेतलेल्या अनेक छोट्या गाड्यांत यांपैकी काहीच नाही आणि ते नंतर बसवून घेणेही व्यवहार्य नाही.

म्हणून गाडी कोठे आणि कोणासाठी वापरली जाते हे पाहावे. गावातील संथ रहदारीत चालणाऱ्या गाडीचा धोका आणि मुलाबाळांसह रात्री महामार्गावर धावणाऱ्या गाडीचा धोका सारखा नाही. दुसऱ्या प्रकारच्या वापरात वर्षाला पस्तीस हजारांची बचत ही निर्णायक मानता येणार नाही.

७. कायदेशीर चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४१ नुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. त्यानंतर तपासणीअंती ती दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकृत करता येते. ‘पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारात द्यावीच लागते’ हा समज महाराष्ट्रातील खासगी गाड्यांबाबत खरा नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे २०१४ व २०१५ चे आदेश आणि त्यांस दुजोरा देणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा आदेश हे दिल्ली व राजधानी परिक्षेत्रापुरते होते. त्यांच्या अंमलबजावणीतही पुढे बदल होत गेले.

तथापि नूतनीकरण आता स्वस्त राहिलेले नाही. मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आले, तर २० वर्षांवरील गाडीसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये झाले. महाराष्ट्रात याखेरीज पर्यावरण कर भरावा लागतो. चौदाव्या वर्षी मोठी दुरुस्ती करणाऱ्याने हा खर्च आणि तपासणीत आढळू शकणारी कामे हिशेबात आधीच धरावीत. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत करता येतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र शासनाने वाहन मोडीत काढण्याचे ऐच्छिक धोरण अमलात आणले. नोंदणीकृत केंद्रात गाडी दिल्यास ठेव प्रमाणपत्र मिळते व त्याच्या आधारे नव्या खासगी गाडीच्या मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. प्रत्यक्ष सवलत राज्य शासन ठरविते. गाडी परस्पर भंगारवाल्यास देऊन नोंदणी रद्द न करणे मात्र धोक्याचे आहे, कारण दप्तरी मालकी कायम राहते आणि त्या क्रमांकाच्या गैरवापराचा जाब मूळ मालकास विचारला जाऊ शकतो.

८. तिसरा पर्याय

दुरुस्ती आणि नवी गाडी यांखेरीज चार-पाच वर्षे वापरलेली गाडी घेणे हाही पर्याय आहे. घसाऱ्याचा मोठा भाग पहिल्या मालकाने सोसलेला असतो आणि २०१९ नंतरची गाडी घेतल्यास सुरक्षिततेचे नवे निकषही मिळतात. त्यातील उणीव एवढीच की आपल्या जुन्या गाडीचे दोष आपणास ठाऊक असतात, परक्या गाडीचे नसतात. देखभालीच्या नोंदी, विम्याच्या दाव्यांचा इतिहास आणि जाणत्या कारागिराकडून तपासणी यांवाचून असा व्यवहार करू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्के झाल्याने नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. त्यामुळे वापरलेल्या गाडीची मागितलेली किंमत नव्या दराशी ताडून पाहणे जरूर आहे. आपली जुनी गाडी विकतानाही हीच बाब लागू पडते.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी न ताडता, दुरुस्त गाडीचा वार्षिक खर्च बदली गाडीच्या वार्षिक खर्चाशी ताडून पाहावा.

२) मागे केलेला खर्च निर्णयात धरू नये, आजची विक्री-किंमत मात्र अवश्य धरावी.

३) दुरुस्ती किती काळ टिकेल याचा अंदाज दोन स्वतंत्र कारागिरांकडून घ्यावा. खर्च समान होण्यास लागणाऱ्या मुदतीहून तो स्पष्टपणे अधिक असेल तरच दुरुस्ती करावी.

४) कायेचा मुख्य पत्रा सडला असेल, सुटे भाग दुर्मीळ झाले असतील किंवा कुटुंबाचा प्रवास मुख्यतः महामार्गावरील असेल, तर हिशेब अनुकूल असूनही गाडी बदलणे श्रेयस्कर.

५) नोंदणीची मुदत जवळ आली असल्यास नूतनीकरणाचा सर्व खर्च दुरुस्तीच्या खर्चात मिळवावा.

नवी गाडी घेण्याची हौस असणे गैर नाही आणि जुन्या गाडीवर जीव असणेही स्वाभाविक आहे. पण हौसेला काटकसरीचे किंवा जिव्हाळ्याला हिशेबाचे नाव दिले की निर्णय फसतो. हा हिशेब कागदाच्या एका पानावर मावतो. गाडी चालू स्थितीत असतानाच तो वर्षातून एकदा मांडून ठेवला, तर ती रस्त्यात बंद पडेल त्या दिवशी घाईने आणि दडपणाखाली निर्णय घेण्याची वेळ येणार नाही.